पुढचं डावं चाक कुणी काढलं?

१

मंगळवारी सकाळी आमच्या गाडीचं पुढचं डावं चाक एका घराच्या पायरीसमोर लुळं पडलं, आणि दुपारची जेवणं व्हायच्या आत सगळ्यांनी आमच्या धाकट्या सुनेला गुन्हेगार ठरवून टाकलं. ना चौकशी, ना विचारपूस. शिक्षा तेवढी राहिली होती. त्यासाठी शाळेच्या मोठ्या बाईंनी शुक्रवारची सकाळ नेमली.

धाकटी शाळेची मुलं ने-आण करते. आधी माझा धाकटा मुलगा करायचा. तो गच्चीच्या जिन्यावरून पडला, मणका दुखावला, तेव्हापासून तो खिडकीपाशी पलंगावर आणि स्टिअरिंग तिच्या हातात. त्या दिवशी ती पहिल्या मुलाच्या दारी पोचली. मुलाची आई त्याचा हात धरून पायरीवर उभी. गाडी वळली, खाडकन आवाज झाला, चाक आत कलंडलं आणि गाडी फरफटत जाऊन पायरीशेजारच्या पिवळ्या भिंतीला घासली. पोराला खरचटलंसुद्धा नाही. गाडीत तर अजून कुणी चढलंच नव्हतं. पण त्या आईनं जी किंकाळी फोडली, ती बाकीच्या आयांच्या फोनवर पोचायला कितीसा वेळ लागतो?

त्यात शनिवारी धाकटीनं पुढची दोन्ही चाकं खोलून ब्रेकचे पॅड स्वतः बदललेले. अंगणात, सगळ्यांदेखत. मग काय, निकाल तयारच होता.

ती हे स्वतः का करते, तेही सांगते. आमच्या गॅरेजवाल्याला आम्ही डॉक्टर म्हणतो. गाडी आत गेली की आपण बाहेर बाकावर बसायचं. थोड्या वेळानं हा हात पुसत बाहेर येतो, चेहरा सुतकी करतो आणि म्हणतो, "बरं झालं वेळेवर आणलीत." आपण ब्रेकची तक्रार घेऊन गेलेलो, हा ऑइल, पट्टा, बेअरिंग, सगळ्या अवयवांची नावं घेतो. नको म्हणावं तर "जीव तुमचा आहे" म्हणून मोकळा होतो. गेल्या खेपेला पॅडपेक्षा पॅड बसवायची मजुरी जास्त झाली. धाकटी तिथेच उभी राहून त्याचे हात बघत होती. पुढच्या वेळी तिनं पॅड दुकानातून आणले आणि घरी बसवले. मजुरी घरात राहिली. मला कशाला वाईट वाटेल?

वाईट वाटायचं ते थोरल्याला. माझा थोरला मुलगा सोफ्यांच्या मोठ्या शोरूममध्ये मॅनेजर आहे. शर्टाची इस्त्री अशी की हात लावला तर कापेल. मंगळवारी संध्याकाळी तो आला, बूट न काढता दारातच उभा राहिला.

"मी सांगत होतो की नाही? चार पैसे वाचवायला जाता आणि लोकांच्या मुलांच्या जिवाशी खेळता. माझी गाडी बघा. एक स्क्रू मी कधी हातानं पिळलेला नाही. ज्याचं काम त्याला द्यावं."

"भावजी, मी नट आवळले होते," धाकटी म्हणाली.

"मग चाक काय तुझ्यावर रुसून गेलं? गाडी विकून टाका आता. अब्रू तरी वाचेल."

धाकटी आत निघून गेली. भांडी आपटायची तिची सवय नाही. त्या दिवशी आपटली.

माझं डोकं तापलं होतं. शनिवारी ती काम करत असताना मी शेजारी स्टुलावर बसून होते. झोपले नव्हते. एकेक नट आवळून झाल्यावर ही पोरगी पान्यावर पाय देऊन उभी राहते, सगळा भार टाकते. चारही नटांवर ती तशी उभी राहिलेली मी पाहिली. मग चाक सैल होतंच कसं?

एकच रस्ता उरत होता. शनिवारनंतर ते चाक कुणीतरी पुन्हा काढलं होतं.

२

गाडी टोचन लावून डॉक्टरच्याच गॅरेजात नेली होती, तेच जवळ म्हणून. बुधवारी सकाळी शटर वर जाताजाता मी तिथे हजर.

"या मावशी, या. चहा सांगू?"

"चहा राहू दे. चाक दाखव."

चाक पुरतं निघालं नव्हतं, मडगार्डखाली मान टाकून पडलं होतं. चारपैकी दोन नट गायब, दोन कसेबसे लटकलेले. डॉक्टर उकिडवा बसला आणि बोट लावून दाखवू लागला. मनातून खूश होता. गेल्या रविवारीच तो आमच्या फाटकाशी येऊन ओरडून गेला होता की तुमची सून शेजाऱ्यांच्या गाड्यासुद्धा बघते, मी काय दुकान बंद करू?

"हे बघा. नटाची एक बाजू सपाट, एक निमुळती. निमुळती आत जायला पाहिजे, चाकाच्या खळग्यात चपखल बसते, मग चाक जागचं हलत नाही. इथे सपाट बाजू आत आणि निमुळती बाहेर. दोन्ही नट उलटे! असं बसवल्यावर देवानं आवळले तरी सैल होणार. अनाडी माणसाचं काम आहे हे. मोठ्या बाईंचा फोन आला होता, त्यांना मी हेच सांगितलं."

"उजव्या चाकाचे नट कसे आहेत?"

त्यानं पलीकडे वाकून पाहिलं. "ते बरोबर आहेत."

"मागचे?"

"तेही."

"म्हणजे उजवीकडे ही बाई शहाणी आणि डावीकडे अनाडी? एकाच दिवशी, एकाच हातानं?"

"माणूस आहे, चुकतं मावशी. पण माझ्याकडे चुकलं तर मी समोर उभा राहतो. घरच्या घरी चुकलं तर कोण उभं राहणार?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि गाडीवरून हात फिरवत पुढे गेले. उजव्या टायरवर हात गेला. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात, तुम्ही पाहिले असतील. पुढचे दोन्ही टायर आम्ही नुकतेच घातले होते. शनिवारी मीच धाकटीला म्हटलं होतं, या दोघांना दाढी आलीय, एकदा वस्तरा फिरव. उजव्या टायरचे केस तसेच होते.

मग मी डावीकडे आले आणि कलंडलेल्या चाकावर हात ठेवला. गुळगुळीत. एक केस नाही. खाचासुद्धा झिजून सपाट झालेल्या.

"डॉक्टर," मी म्हटलं, "आमचा नवा टायर कुणाला विकलास?"

३

असा भडकला तो! पाना आपटला, टोपी काढली, पुन्हा घातली.

"मावशी, बिल जास्त लावतो म्हणा, ऐकून घेईन. लावतो मी जास्त! भाडं आहे, पगार आहेत. पण चोर म्हणायचं नाही!"

"मग हा टकला टायर आला कुठून?"

"मला काय माहीत? गाडी आली तेव्हा हाच होता."

"त्याला साक्षीदार कोण?"

तो पुन्हा उकिडवा बसला, चाकाची लोखंडी कड बोटानं खरवडली आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोटावर पिवळा रंग. पायरीजवळच्या भिंतीचा. मग त्यानं मडगार्डवरचा ओरखडा दाखवला, तिथेही तोच पिवळा, आणि ओरखडा टायरवरून थेट कडेपर्यंत उतरलेला. म्हणजे भिंतीला घासलं ते हेच चाक. माफी मागणं मला जमत नाही; "बरं" म्हटलं. त्यालाही तेवढं पुरलं असावं, कारण चहा आला आणि मी प्याले.

चहा पिताना मी गणित मांडलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत दाढीवालं चाक गाडीला होतं. मंगळवारी सकाळी टकलं होतं. सोमवारी शाळेला सुट्टी, गाडी अंगणातून हलली नाही आणि मी दिवसभर अंगणात उन्हाला गाद्या टाकून राखण करत होते. रात्री फाटकाला कुलूप असतं, चावी माझ्या कमरेला. राहिला रविवार. रविवारी दुपारी आम्ही सगळ्या बायका शेजारच्या गल्लीत बाळ बघायला गेलो होतो. तेवढाच वेळ गाडी एकटी होती.

आणि गाडीची डावी बाजू आमच्या पत्र्याच्या शेडकडे असते. रस्त्यावरून दिसत नाही, घरातूनही दिसत नाही. चोरानं उजवं चाक सोडून डावं का घेतलं, ते कळलं.

त्या दुपारी आमच्याकडे कोण होतं? धाकटा पलंगावर, तो उठू शकत नाही. जावई जेवून बाहेर उभ्या केलेल्या ट्रकमध्ये जाऊन झोपला होता. थोरला हॉलमध्ये सोफ्यावर आडवा झाला होता, त्याची गाडी अंगणातच लावलेली. आणि फाटकाशी ओरडून गेलेला डॉक्टर परत आला नसेलच, असं कुणी सांगावं?

मला पहिल्यांदा आठवला जावई. खरं सांगायचं तर मला तो पहिल्यापासूनच फारसा रुचत नाही. मोठ्यानं हसतो, मोठ्यानं जेवतो. शिवाय चाकं आणि जॅक म्हणजे त्याचं रोजचंच.

संध्याकाळी मी लेकीच्या घरी गेले. जावई दारात ट्रकच्या काचा पुसत होता.

"या आई! आज कशी वाट चुकलात?"

"वाट चुकले नाही. तुम्हालाच विचारायला आले. रविवारी दुपारी आमच्या गाडीचं चाक तुम्ही काढलंत का?"

लेक आतून धावत आली. "आई! काय बोलतेस!"

"तू मध्ये पडू नकोस."

जावयानं फडकं खांद्यावर टाकलं. हसला नाही, हे विशेष.

"आई, त्या चाकाचं मीही ऐकलं. नट उलटे होते म्हणतात. मी वीस वर्षं ट्रक चालवतो. झोपेत उठवून मला चाक बदलायला लावा, अंधारात लावा, पावसात लावा. मी काढलं असतं ना, तर ते चाक पडलंच नसतं. तुम्हाला कधी कळलंही नसतं!"

रागावला होता, पण वर गर्व होता. आणि ज्याला आपल्या कामाचा गर्व आहे तो चोरी करतानासुद्धा नट उलटा लावणार नाही. हे मला पटलं. याच कारणानं डॉक्टरही सुटला.

"आणखी एक," जावई म्हणाला. "ट्रकमध्ये मी झोपलो होतो ते अर्धवटच. फाटकातून बाहेरचं कुणी आत गेलं नाही. फाटक करकरतं, मला जाग आली असती."

म्हणजे चाक काढणारा बाहेरून आलाच नव्हता.

४

घरी आले तर धाकटी मोरीजवळच्या नळाशी पाणी ओतत होती.

"मुंग्या अजून आहेत?" मी विचारलं.

"आहेतच. रविवारपासून जात नाहीत."

रविवारी संध्याकाळी नळाखाली मुंग्यांची ही रांग लागलेली. तिथे साखर सांडलेली मी पाहिली होती आणि तिच्यावरच ओरडले होते. बाईमाणसाचं लक्ष नको का, वगैरे. आता एकदम डोक्यात आलं: बाहेरच्या नळावर साखर घेऊन कोण जाईल, आणि कशाला?

"तू गाडीचं काम झाल्यावर हात कशानं धुतेस गं?"

"कपड्याच्या पावडरीनं. का?"

"साखरेनं नाही?"

"साखरेनं कशाला धुवीन? साखर काय फुकट येते?" मग तीच थबकली. "मोबाइलवर दाखवतात पण. हाताचं ग्रीस जात नसेल तर तेल आणि साखर चोळा म्हणून. ज्यांना सवय नसते ती माणसं करतात."

सवय नसलेली माणसं. मी तिथून सरळ धाकट्याच्या पलंगाशी गेले.

"रविवारी दुपारी तुला काही आवाज आला होता?"

तो छताकडे बघत होता. चाक पडल्यापासून तो बायकोशीही धड बोलत नव्हता. तिला दोष देत नव्हता; आपण झोपून आहोत म्हणून तिच्यावर हे आलं, हे त्याला आतून खात होतं.

"आला होता," तो म्हणाला. "लोखंडावर लोखंड. मला वाटलं हीच काहीतरी करतेय. मी हाक मारली, काय गं, आज पण? उत्तर नाही. आवाज बंद झाला. एकदम बंद. मग बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला, पण हळू. हिला विचारलं तर म्हणाली, मी बाळ बघायला गेले होते. मला वाटलं गोळीच्या गुंगीत भास झाला."

"मला का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलं मला?" त्यानं मान वळवली. डोळे लाल होते. "या घरात दोन दिवस सगळे बोलतायत आई. मला कुणी विचारलं?"

मी खुर्ची ओढून बसले आणि मनातल्या मनात एकेक गोष्ट समोर ठेवली. चोराला नुसता टायर नको होता, आख्खं चाक हवं होतं. जुनं चाक तो जागेवर लावून गेला. म्हणजे त्याच्या गाडीला आमचं चाक बसतं आणि त्याचं आमच्या गाडीला. त्यानं आयुष्यात कधी नट फिरवला नव्हता. हात काळे झाल्याचं लपवायची त्याला इतकी घाई होती की माझ्या डब्यातली साखर घेतली. भावानं हाक मारली तर ओ दिली नाही, कारण आवाजावरून ओळखला गेला असता. आणि नटाची निमुळती, सुबक बाजू त्यानं बाहेर ठेवली. का? तशी ती दिसायला बरी दिसते. ज्याचं सगळं आयुष्य दर्शनी बाजू नीट ठेवण्यात गेलं, त्याचा हात आपोआप तसाच वळणार.

आमच्याच कंपनीची, आमच्याच रंगाची, एकाच दिवशी घेतलेली दुसरी गाडी आमच्या कुटुंबात एकच आहे.



५

गुरुवारी दुपारी मी शोरूमला गेले. आत न जाता आधी मागच्या बाजूला, जिथे त्यांच्या गाड्या लावतात तिथे. थोरल्याची गाडी कोपऱ्यात होती, धुऊनपुसून लखलखीत. मी वाकले. गुडघे बोलले, त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. उजवा टायर टकला, मागचे दोन्ही टकले. डाव्या टायरवर हात ठेवला, आणि बोटांना केस लागले.

पण नटांकडे पाहिलं आणि मी गोंधळले. चारही सरळ. निमुळती बाजू आत, अगदी जशी हवी तशी.

आमच्या गाडीला उलटे लावणाऱ्यानं स्वतःच्या गाडीला सरळ कसे लावले? माझा तर्क इथे आपटला. क्षणभर, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. वाटलं, तो नसेल. दुसरंच कुणी असेल. असंच उठावं आणि घरी जावं.

मग लक्षात आलं काय झालं असेल ते. आणि जो राग आला तो आजवर कधी आला नव्हता.

आत गेले. प्लास्टिक घातलेल्या सोफ्यांच्या रांगा, मधून थोरला कुणा जोडप्याला गादी दाबून दाखवत होता. मला बघून त्याचा चेहरा उतरला, मग लगेच हसरा झाला.

"आई! इकडे कशी? बस ना, हा नवीन आलाय, बसून बघ."

"बसायला आले नाही. यांना पाठव."

"आई, गिऱ्हाईक आहे."

"पाठवतोस, का त्यांच्यासमोर बोलू?"

जोडपं स्वतःच पुढच्या रांगेत सरकलं. शहाणी माणसं.

"रविवारी आमचं चाक का नेलंस?"

"कसलं चाक?"

"आत्ता हात लावून आले मी. केस आहेत त्याला. पुढे बोल."

तो प्लास्टिकवर बसला. प्लास्टिक चुरचुरलं. थोडा वेळ त्यानं इकडेतिकडे केलं, मग सगळं बाहेर आलं. त्याच्या पुढच्या डाव्या टायरला फुगा आला होता, स्टेपनी पंक्चर आणि रविवारची दुकानं बंद. सोमवारी मालकाला घेऊन कारखाना बघायला लांब जायचं होतं. कंपनीच्या गॅरेजात नेली की ते टायर एकटा बदलत नाहीत, सगळी यादी हातात देतात. ते आता परवडत नाही, केव्हाचंच परवडत नाही. पण तोंडानं कसं सांगणार? ज्यानं भावाच्या बायकोला हात काळे करते म्हणून नावं ठेवली, त्यानं तिलाच टायर बदलून दे म्हणायचं? म्हणून मोबाइलवर बघितलं आणि स्वतःच केलं. पुढच्या रविवारी परत लावणार होता. पुढे फुटलं तर गाडी हातातून जाते म्हणून फुगा आलेलं चाक आपल्याच गाडीला मागे लावलं आणि तिथलं झिजलेलं आमच्याकडे लावलं—

"थांब," मी म्हटलं. "तुझ्या मागच्या एकाही चाकाला फुगा नाही."

"ते... एक नंतर विकत घेतलं. जुनंच. सेकंडहँड."

"कुठून?"

तो सोफ्याचं प्लास्टिक सारखं करू लागला.

"मी सांगते. मंगळवारी सकाळी तुला कळलं की चाक पडलं. तू घाबरलास, कारण तुझ्या गाडीचंही चाक तूच लावलं होतंस. तू धावत कुठल्यातरी गॅरेजात गेलास. तिथे त्यानं तुला सांगितलं, साहेब, नट उलटे आहेत. सरळ करून घेतलेस, मागचं चाकही घेतलंस. बरोबर?"

त्यानं मान हलवली.

"म्हणजे मंगळवारी दुपारी तुला ठाऊक होतं. चाक का पडलं, कुणामुळे पडलं, सगळं. आणि संध्याकाळी तू आमच्या दारात उभा राहून तिला काय काय बोललास?"

"आई, मी घाबरलो होतो गं—"

"घाबरलास ते कळतं मला. चाक नेलंस तेही पोटात घातलं असतं, भावाचंच आहे. नट उलटा लावलास, चुकलास. पण आधी आपलं चाक सरळ करून घेतलंस आणि मग येऊन तिला खुनी म्हणालास! तिच्या नवऱ्याच्या कानांवर पडेल असं!"

"हळू बोल, मालक आहेत वर."

"वरच जाते मी. मालकांनाही सांगते."

"आई, तुझ्या पाया पडतो."

"माझ्या नको. उद्या सकाळी शाळेत ये. शर्ट कुठला घालायचा तो घाल."

६

शुक्रवारी मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. आया, दोनचार बाप, डॉक्टरही आलेला. धाकटी भिंतीशी उभी. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. पायरीवरची ती आई अगदी पुढे बसली होती, मुलाला मांडीवर घट्ट धरून.

बाई म्हणाल्या, "आम्हाला मुलांच्या सुरक्षिततेपुढे दुसरं काही बघता येत नाही. त्यामुळे आजपासून ही गाडी—"

"जरा थांबा," मी म्हटलं. "माझ्या मुलाला बोलायचंय."

थोरला उभा राहिला. आला होता, एवढं खरं. "थोडी गडबड झाली," त्यानं सुरुवात केली. "म्हणजे, टायरची अदलाबदल होताना तांत्रिक बाबतीत काही—"

"सरळ बोल," मी म्हटलं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग धाकटीकडे.

"चाक मी काढलं. न विचारता. नट मी उलटे लावले. हिनं बरोबर लावले होते. मला मंगळवारीच समजलं होतं, तरी मी हिला दोष दिला."

डॉक्टर खाकरला. "मी बाईंना फोनवर अनाडी काम म्हटलं होतं," तो म्हणाला. "ते यांचं होतं तर. हिची बाकीची तिन्ही चाकं मी तपासली, बोट ठेवायला जागा नाही." मग स्वतःच्याच बोलण्याचा त्याला राग आला असावा, कारण लगेच म्हणाला, "तरीपण मुलांची गाडी आहे, महिन्यातून एकदा मला दाखवत जा."

"दाखवीन," धाकटी म्हणाली. "फक्त बघायचे किती घेणार ते आत्ताच सगळ्यांसमोर सांगा."

पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. डॉक्टर नाही हसला.

बाईंनी गाडी चालू ठेवली. दोन मुलांच्या घरच्यांनी मात्र काही न बोलता पोरं उचलली आणि निघून गेले. ती मुलं आजतागायत परत आली नाहीत. ते नुकसान कुणी भरून द्यायचं ते मला कुणी सांगितलेलं नाही.

सगळे पांगल्यावर पायरीवरची आई धाकटीसमोर येऊन उभी राहिली. माफीचे शब्द तिला सापडेनात, ते दिसत होतं.

"सोमवारी किती वाजता?" तिनं विचारलं.

"नेहमीच्याच वेळी," धाकटी म्हणाली. "त्याला बाहेर उभं करू नका. मी दार वाजवीन."

आणि तोंड फिरवून भिंतीकडे बघत ती रडली. चार दिवस साठवलेलं.

थोरला फाटकाशी गाडीचं दार उघडून उभा होता. आम्ही दोघी त्याच्यासमोरून चालत पुढे गेलो. तो मागून गाडी हळूहळू आणत राहिला, काच खाली करून. "आई, बस ना गं. ऊन आहे. हिला पण सांग." पार घरच्या वळणापर्यंत. धाकटीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, म्हणाली, "बसा तुम्ही, तुमचे गुडघे दुखतील." मी तिच्या दंडाला धरलं आणि चालत राहिले. मागे वळून बघितलं असतं तर राग उतरला असता, आणि तो मला इतक्यात उतरू द्यायचा नव्हता.